वैरी दारात आला म्हणजे



रशियाने युक्रेनवर स्वारी केली ती २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. तेव्हापासून पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, सोसायटीच्या ओट्यावर हा विषय निघाला की तीन तऱ्हेचे बोलणे कानी येते. एकजण म्हणतो, "धाकट्याने थोरल्याशी वैर घ्यावेच कशाला? थोडा मुलूख देऊन टाकावा आणि सुखाने भाकरी खावी." दुसरा उसळून म्हणतो, "जीव गेला तरी बेहत्तर, वीतभर जमीन सोडू नये. साऱ्या जगाने त्याच्या पाठीशी उभे राहावे." तिसरा तंबाखू मळता मळता म्हणतो, "आपली लावणी अजून व्हायची आहे बाबांनो, आपल्याला काय करायचे आहे?"

हीच तीन बोलणी दिल्लीत होतात आणि न्यूयॉर्कलाही होतात. तेथे ती लांबलचक होतात, एवढाच फरक. पण तुम्ही महाड-पोलादपूरच्या मुलखातले असाल, तर हा वाद तुमच्या परसातला आहे. पाचाडला जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी उभे राहून वर मान केली की रायगडाचा कडा दिसतो. घाटाकडे तोंड केले की डोंगरांच्या रांगांपलीकडे प्रतापगड आहे. दारात फौज आल्यावर काय करायचे, याच्या दोन मोठ्या मसलती आपल्याच लोकांनी केल्या. एकीचा निकाल प्रतापगडाखाली लागला आणि दुसरी रायगडाच्या माथ्यावर झाली. त्या नीट पाहिल्या तर पारावरचा वाद पुष्कळ शहाणा होईल असे मला वाटते.

पहिली मसलत १६५९ सालची. विजापूरच्या दरबाराने अफजलखानाला पाठवले. तुळजापूर, पंढरपूर या वाटेने उपद्रव करीत खान वाईस आला. महाराज तेव्हा राजगडावर होते. पुढे काय झाले हे पोरासोरांनाही पाठ आहे, म्हणून ते सांगत बसत नाही. त्याआधी काय झाले ते मात्र आपण फारसे सांगत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत ते लिहून ठेवले आहे. महाराजांनी कारभारी आणि सरदार गोळा केले आणि विचार विचारला. आता गंमत पाहा. बहुतेकांचा सल्ला पडला तो सला करावा असा, म्हणजे तह करावा असा. फौज थोडी, खान जबरदस्त, यश आले तर ठीक पण न आले तर काय, असा त्यांचा हिशेब.

ही माणसे भित्री होती काय? मुळीच नव्हती. पुढे जावळीच्या रानात खानाच्या फौजेवर तुटून पडली ती हीच माणसे. तेव्हा युद्धाच्या वेळी जो कोणी "तहाचे बघा" असे म्हणेल, त्याला लगेच फितूर ठरवण्याची जी घाई आजकाल होते, ती महाराजांच्या दरबारात तरी नव्हती. मसलतीत हिशेब मांडणारा माणूस लागतो. घरात एकजण तरी दाणे मोजणारा असावा लागतो, तसेच ते आहे.

महाराजांचे मत वेगळे पडले. थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीस मारले गेले त्याला खानच कारण, असा त्यांचा समज होता. अशा माणसाशी सला करून तो टिकणार कसा, हा त्यांचा प्रश्न. सभासदाने पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. स्वारीस निघण्यापूर्वी महाराजांनी मागची व्यवस्था लावली. यश आले तर उत्तमच, आपला प्राण गेला तर धाकट्या संभाजीराजांना पुढे करून राज्य चालवा, असे सांगून ठेवले. ते बाळ तेव्हा अडीच वर्षांचे होते! आणि मातोश्री होत्या. लढायचे ठरवणारा माणूस हरण्याचाही विचार करून ठेवतो, हे त्यातून दिसते. "जीव गेला तरी बेहत्तर" असे पारावर बसून म्हणणे सोपे आहे. जीव गेल्यावर घराचे काय, याची तजवीज आधी लावणे अवघड.

आणि लढायचे ठरले म्हणून बोलणी थांबली असे झाले नाही. खानाकडून कृष्णाजी भास्कर आले, इकडून पंताजी गोपीनाथ गेले. वकिलांची ये-जा चालूच राहिली. त्याच वेळी खानाला वाईच्या उघड्या मुलखातून जावळीच्या दाट रानात, डोंगराच्या बेचक्यात यावे लागेल अशी तजवीज झाली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेट झाली ती आपण निवडलेल्या जागी. लढाई की वाटाघाटी असा प्रश्न आज टाकला जातो, तेव्हा दोन्ही एकाच वेळी चालतात हे आपल्याला या डोंगरांनी शिकवून ठेवले आहे.

आता मसलतीच्या बाहेरची गोष्ट. लढणारे दोघे, पण आजूबाजूच्या देशमुखांनी काय करायचे? बारा मावळच्या देशमुखांना विजापूरची फर्माने गेली की खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजी जेध्यांना आलेले फर्मान १६ जून १६५९ चे आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही लहान राष्ट्रे होती. मोठ्याने डोळे वटारले, आता बाजू घ्या. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडी आले आणि फर्मान महाराजांपुढे ठेवले. महाराजांनी त्यांना खोदून विचारले की, शेजारी तर गेले, तुम्ही न गेलात तर वतन जाईल, मग कसे? कान्होजींनी वतनावर पाणी सोडले.

वतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला कदाचित समजावून सांगावे लागेल. तुम्हाला नको. बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात हे आपण पाहतो. मात्र खोपड्यांनाही एकदम वाईट म्हणून मोकळे होऊ नका. खान जिंकता तर तेच शहाणे ठरले असते. शिवाय जेध्यांना राजगड जवळ होता. गडावरचा माणूस पाठीशी उभा राहील असा भरवसा होता. भरवसा असला तर माणूस वतनावर पाणी सोडतो. नसला तर खानाची वाट धरतो. लहान राष्ट्रे मोठ्यापुढे मान का तुकवतात याचे उत्तर बरेचसे येथेच आहे.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो, ती कोणाला रुचली नाही तरी. हीच जावळी तीन वर्षांपूर्वी, १६५६ साली, चंद्रराव मोऱ्यांची होती. महाराजांनी ती घेतली. चंद्रराव पळून रायरीवर, म्हणजे आजच्या रायगडावर, जाऊन बसले. रायरीला वेढा पडला आणि अखेर त्यांनी गड दिला. मोऱ्यांच्या घरातून पाहिले तर ती स्वारीच होती. महाराजांच्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही. पण जगात कोणताही देश, "आमची ती मोहीम आणि त्यांची ती स्वारी" असे बोलतो, तेव्हा आपण जरा थांबून दोन्ही घरांतून पाहावे, इतक्यासाठी सांगितले.

मुलूख देऊन सुख मिळते का, हा पहिल्या गड्याचा प्रश्न. तोही येथे घडून गेला आहे. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान चालून आले. पुरंदरास वेढा पडला, मुरारबाजी पडले, गावे जळू लागली. महाराजांनी तह केला आणि २३ किल्ले दिले. बारा राखले, त्यांत रायगड होता. म्हणजे ज्यांनी १६५९ साली तह नको म्हटले, त्यांनीच सहा वर्षांनी तह केला. हिशेब बदलला होता. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. तह करायचा की नाही हे ज्याचे किल्ले होते त्याने ठरवले. कोण्या तिसऱ्याने परस्पर, "यांचे २३ किल्ले देऊन टाका म्हणजे आमचा व्यापार सुरळीत होईल" असे ठरवले नाही. आणि तहाने प्रकरण मिटलेही नाही. पुढे विजापूरवरची चाकरी आली, १६६६ साली आग्र्याची कैद आली. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगड परत घेताना तानाजी मालुसरे पडले. त्यांची समाधी पोलादपूर तालुक्यात उमरठला आहे. दिलेला किल्ला परत घेण्याची किंमत काय पडते, ते त्या गावाला कोणी सांगायला नको.

दुसरी मसलत मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. तिच्याबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे, कारण ती एका बाईने केली.

१६७४ च्या ६ जूनला रायगडी राज्याभिषेक झाला आणि अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊसाहेब पाचाडच्या वाड्यात गेल्या. गडावरची गार हवा त्यांना मानवत नसे, म्हणून महाराजांनी पायथ्याशी हा वाडा बांधला असे सांगतात. तटाचे दगड आणि तक्क्याची विहीर आजही आहे. त्यानंतर पंधरा वर्षे गेली. १ फेब्रुवारी १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरास पकडले गेले आणि ११ मार्चला औरंगजेबाने त्यांना ठार मारले. रायगडावर तेव्हा कोण होते? महाराणी येसूबाई, त्यांचा सात वर्षांच्या आतला मुलगा शाहू, आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम. बादशहा आपल्या अफाट फौजेनिशी दक्षिणेत येऊन सात वर्षे झाली होती. विजापूर बुडाले होते, गोवळकोंडा बुडाला होता. मार्चच्या अखेरीस इतिकादखान, ज्याला पुढे झुल्फिकारखान म्हणून ओळखतात, त्याने रायगडाला वेढा घातला.

वेढा हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत संपतो. पायथ्याच्या गावाला तो महिनोन्‌महिने पुरतो. हजारो माणसे, घोडी, बैल, उंट खाली उतरतात. त्यांना वैरण लागते, दाणे लागतात, लाकूड लागते. ते कोणाच्या खळ्यातून, कोणाच्या पेंढ्याच्या उडवीतून येते? वेढा चैत्राच्या सुमारास बसला आणि पावसाळाभर राहिला. काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांतला पाऊस कसा असतो हे तुम्ही जाणता. पेरणी, लावणी, कापणी हे सगळे त्या सात महिन्यांत येऊन जाते.

गडावर मसलत बसली. बखरींत जे आले आहे त्याचा सारांश असा. नवरा गेलेला, मुलगा लहान, अशा वेळी येसूबाईंनी मुलाच्या गादीचा हट्ट धरला असता तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी तो धरला नाही. राजारामांना मंचकावर बसवले. मग म्हणाल्या की, सारे एकाच गडावर अडकून बसणे धोक्याचे. राजारामांनी कारभारी आणि सरदारांसह बाहेर पडावे, फौजा राखाव्यात, गड फिरते ठेवावेत. फारच दाब आला तर कर्नाटकात जावे. आपण मुलासह येथे राहून गड लढवू.

आता हे तीन तऱ्हेच्या बोलण्यांपैकी कशात बसते, सांगा पाहू. ही शरणागती नाही. सारे एका जागी मरून जाऊ, अशी आरोळीही नाही. बाईंनी राजधानीचा दगड आणि राज्य या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गड गेला तरी राज्य चालले पाहिजे. म्हणून राज्य बाहेर पाठवले आणि गडावर स्वतः थांबल्या.

५ एप्रिल १६८९ ला राजाराम गडाबाहेर पडून प्रतापगडाकडे गेले. तेथून पन्हाळा आणि पुढे लपतछपत थेट जिंजी. इकडे रामचंद्रपंत अमात्यांवर महाराष्ट्राचा भार टाकला. संताजी, धनाजी फिरत्या फौजा घेऊन बादशाही छावण्यांना झोप लागू देईनात. रायगड नोव्हेंबरच्या सुरुवातीला पडला. येसूबाई आणि शाहू बादशहाच्या छावणीत कैद झाले. झुल्फिकारखान पुढे जिंजीच्या वेढ्याला गेला आणि ती हाती यायला १६९८ साल उजाडले. तोवर राजाराम तेथूनही निसटले होते. १७०० साली राजाराम वारले. ताराबाईंनी झगडा चालू ठेवला. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरपाशी वारला, दक्षिण जिंकायची राहूनच गेली.

शाहू १७०७ साली सुटले. येसूबाईंना सुटायला १७१९ साल लागले. मोजा तुम्हीच, तीस वर्षे.

सभासदाने अफजलखानाच्या वेळची मसलत लिहिली ती याच काळात, जिंजीला बसून, राजारामांच्या सांगण्यावरून, १६९७ च्या सुमारास. मुलुखापासून इतक्या दूर, वेढ्याच्या छायेत, आपल्या वडिलांनी संकटात काय विचार केला हे त्यांना ऐकायचे होते. मला हे फार समजण्यासारखे वाटते.

या लढ्याची दुसरी बाजूही आहे आणि ती शेतकऱ्याच्या घरातली आहे. देशमुख-सरदार बादशहाकडे जाऊ नयेत म्हणून मराठी राज्याला वतने द्यावी लागली. शिवाजी महाराजांनी जी वतनदारी आवळून धरली होती ती सैल झाली. तिकडून बादशहाही वतनाचे आमिष दाखवीत होता. रयतेच्या डोक्यावर धनी वाढले. अठरा वर्षे फौजा मुलूख तुडवीत होत्या. जिंकलेल्या लढाईचेही देणे असते आणि ते बहुतेक वेळा नांगरामागच्या माणसाकडून वसूल होते.

आता आपल्या आयुष्याच्या जवळच्या गोष्टी. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. त्यांनी तो मानला नाही, त्यामुळे गोव्याची शहरे वाचली. मायदेशी गेल्यावर त्यांना लष्करातून काढून टाकले. पाश्चात्त्य राष्ट्रे सुरक्षा समितीत म्हणाली की ही भारताची स्वारी आहे, सैन्य मागे घ्या. ठरावाच्या बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव पडला. साडेचारशे वर्षे बसलेला परका उठवणे ही स्वारी नव्हे, असे आपले म्हणणे होते आणि ते खरेच आहे. पण रशियाचे ते मत दिल्ली विसरली नाही. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १०४ देश युद्ध थांबवा म्हणाले आणि विरुद्ध फक्त ११ होते, त्यांत आपण आणि रशिया. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते, तो बोजा मोजायला त्या १०४ पैकी फारसे कोणी आले नव्हते.

आणि मधले १९६२. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. त्या वेळी आपण त्या जागी होतो जेथे २०२२ साली युक्रेन होता. संसदेने १४ नोव्हेंबरला ठराव करून आक्रमकाला हुसकावण्याची प्रतिज्ञा केली. यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे घराघरांत म्हटले गेले. बायकांनी संरक्षण निधीत अंगावरचे सोने दिले. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे तर नावातच फौज घेऊन आहे. पहिल्या महायुद्धापासून तेथले लोक सैन्यात जात आले. अशा गावांना लढाई म्हणजे काय हे वर्तमानपत्रातून कळावे लागत नसे, ते तारेने कळे.

त्या वेळी आपण मित्रांकडे पाहिले. अलिप्त राष्ट्रांपैकी सहाजण डिसेंबरमध्ये कोलंबोला जमले. त्यांनी तोडगा सुचवला, पण हल्ला चीनने केला असे काही म्हटले नाही. ते दुखणे आपल्या जुन्या पिढीच्या मनात अजून आहे.

म्हणूनच २ मार्च २०२२ चा दिवस मला अस्वस्थ करतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत रशियाने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. १४१ देश बाजूने, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. भारत तटस्थ. त्या दिवशी आपली मुले खारकीव्ह आणि सुमी येथे तळघरांत अडकली होती. पुढे सुमारे साडेबावीस हजार माणसे सुखरूप आणली गेली. आपल्या सैन्याची कितीतरी शस्त्रे रशियाची. खताच्या बाबतीत पाहाल तर पोटॅश आपल्याकडे निघतच नाही. सारे बाहेरून येते आणि रशिया, बेलारूस हे त्याचे मोठे धनी. सूर्यफुलाच्या तेलाचा मोठा वाटा युक्रेनचा. २०२२-२३ साली केंद्राचा खत अनुदानाचा खर्च दोन लाख कोटींच्या वर गेला. तो गेला नसता तर तुमच्या भाताला, नाचणीला पोते कोणत्या भावाने मिळाले असते, याचा अंदाज करा. रशियाचे खनिज तेल युद्धापूर्वी आपण जवळजवळ घेतच नव्हतो. २०२३ मध्ये आयातीतला सुमारे तिसरा हिस्सा त्याचा होता.

तेव्हा तटस्थ राहण्याला कारणे होती. घर चालवणारा माणूस ती समजू शकतो. दाणे मोजण्याला मी नावे ठेवत नाही. मला पटत नाही ते इतकेच की, दाणे मोजून झाल्यावर त्याला तत्त्वज्ञान म्हणावे. शेजाऱ्याने बांध कोरला हे दिसत असते. कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तुम्ही जात नाही, कारण त्याच्या विहिरीचे पाणी तुम्हाला लागते. ठीक आहे. पण म्हणून बांध कोरलाच नाही असे म्हणू नये. नेपाळ आणि भूतान यांनी त्या दिवशी ठरावाच्या बाजूने मत दिले. दोन मोठ्यांच्या मध्ये राहणाऱ्या लहानाला बांधाची किंमत जास्त कळते. केनियाच्या वकिलांनीही सुरक्षा समितीत असेच सांगितले होते. आफ्रिकेतल्या सीमा परक्यांनी आखल्या, एकेक जमात दोन देशांत चिरली गेली, तरी आम्ही त्या हत्यारांनी बदलायला निघालो नाही, असा त्यांचा आशय होता. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या पंतप्रधानांनीही रशियाच्या अध्यक्षांना समोरासमोर सांगितले की हा काळ युद्धाचा नव्हे. ते बरे झाले.

युक्रेनचा बांध २०२२ पूर्वीच कोरला गेला होता. २०१४ साली क्रिमिया घेतला, तेव्हा जगाने थोडी आदळआपट केली आणि कामाला लागले. त्याहून जुनी गोष्ट १९९४ ची. युक्रेनकडे सोव्हिएत काळची अण्वस्त्रे होती. ती त्याने सोडून दिली आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमांना मान देण्याचा कागद करून दिला. कागदाचे काय झाले ते आपण पाहिले.

आता पहिल्या गड्याला माझे सांगणे असे की, मुलूख देऊन तह करणे हे कधी कधी शहाणपणाचे असते, पण ते ज्याचा मुलूख त्याने म्हणावे. पुरंदरचा तह महाराजांनी केला म्हणून तो तह. पाचाडला बसून दुसऱ्याच्या दोन जिल्ह्यांवर पाणी सोडणे ही उदारता नव्हे. दुसऱ्या गड्याला इतकेच विचारतो की, साऱ्या जगाने उतरावे असे तुम्ही म्हणता, तर पहिल्या गाडीत तुमच्या घरचा कोण बसतो? मदत करायची तर धान्य, औषध, कर्ज, आणि ज्याला झेपेल त्याने हत्यार. २०२२ च्या जुलैपासून वर्षभर काळ्या समुद्रातून धान्याची जहाजे सोडण्याचा करार चालला. सव्वातीन कोटी टनांवर धान्य त्या वाटेने बाहेर पडले. ते तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांनी मधे पडून जमवले. दोघे लढत असतानाही खळ्याची वाट मोकळी ठेवता येते, हे त्यातून दिसले.

तिसऱ्या गड्याला, "आपल्याला काय" म्हणणाऱ्याला, खताच्या पावतीकडे बघायला सांगावे. आणि त्याच्याच घराशी संबंध असलेली आणखी एक गोष्ट आहे. रशियात नोकरी आहे, मदतनिसाचे काम आहे, पगार लाखात आहे, असे सांगून दलालांनी आपल्या देशातली काही तरुण पोरे नेली. तेथे गेल्यावर त्यांच्या हाती बंदूक देऊन त्यांना लढाईच्या तोंडी उभे केले. २०२४ साली त्यांतले काहीजण मारले गेल्याचे सरकारने सांगितले, दलालांवर केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हे नोंदवले. ही पोरे साध्या घरातली होती. आपल्याकडे मुंबई-सुरतेला जाणारी, आखातात जाणारी मुले घराघरांत आहेत. परदेशी नोकरीचा कागद घेऊन कोणी आला तर त्याच्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा भरती परवाना आहे का, त्याचा क्रमांक काय, हे आधी विचारा. तो क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट यादीत तपासून पाहता येतो. करार ज्या भाषेत असेल ती वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आणि त्याची एक प्रत सही करण्यापूर्वी घरी ठेवून घ्या. फिरायला जाण्याच्या व्हिसावर नोकरीला नेतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.